तुमच्या कीबोर्डवर क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय कुणी बसवलं? क्रिस्टोफर शोल्सची गोष्ट

घरी नवीन डेस्कटॉप आला की सगळ्यांचं लक्ष मॉनिटर किती इंची आणि रॅम किती जीबी याच्याकडे असतं. कीबोर्डकडे कोणी बघतही नाही. दुकानदार कीबोर्ड-माउसचा एक स्वस्त जोड बिलात टाकून देतो, आपण घरी येऊन त्याची यूएसबी पिन कॅबिनेटच्या मागे खुपसतो आणि विषय संपतो.

गंमत अशी की त्या सगळ्या खोक्यांमध्ये सगळ्यात जुनी गोष्ट तीच असते. प्रोसेसर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या डिझाइनचा, एसएसडी त्याच पिढीतली, पण कीबोर्डवरच्या अक्षरांची मांडणी मात्र १८७० च्या दशकातली. तुमच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडलं की खालून जो कीबोर्ड वर येतो, त्याच्यातसुद्धा तीच रांग असते. काचेवर बोट फिरवायचं, आत एकही हलणारा भाग नाही, तरी अक्षरं तिथंच.

ही रांग ज्याच्या हातून सुरू झाली तो माणूस म्हणजे क्रिस्टोफर लेथम शोल्स. टाइपरायटरचा जनक म्हणून त्याचं नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. पण त्याचं आयुष्य एका ओळीचं नाही.

छापखान्यातला पोरगा

शोल्सचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, मूर्सबर्ग नावाच्या छोट्या गावात. चौदाव्या वर्षी तो छापखान्यात काम शिकायला लागला. तेव्हाचं छापखान्याचं काम म्हणजे शिशाचे एकेक खिळे उचलायचे, ओळीत लावायचे, शाई फिरवायची, छापायचं आणि पुन्हा खिळे सोडवून आपापल्या खणात ठेवायचे. कोणतं अक्षर जास्त लागतं, कोणतं कमी, हे अशा माणसाच्या बोटांना पाठ असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अठराव्या वर्षी भावांच्या मागोमाग तो विस्कॉन्सिनला गेला. तिथं वर्तमानपत्रं काढली, संपादक झाला, मग राजकारणात उतरला आणि राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. १८५१ साली केनोशा गावात एका माणसाला जाहीर फाशी झाली. ती इतकी वाईट पद्धतीनं झाली की फाशीविरोधात लोकमत तयार झालं. शोल्सनं आपल्या वर्तमानपत्रातून आणि सभागृहातून तो मुद्दा लावून धरला. १८५३ मध्ये विस्कॉन्सिननं फाशीची शिक्षाच रद्द केली आणि ती आजतागायत परत आलेली नाही. माझ्या मते माणूस एवढंच करून थांबला असता तरी इतिहासात राहिला असता. पण आपल्याला तो माहीत आहे तो पन्नाशीकडे झुकल्यावर केलेल्या एका उद्योगामुळे.

पुढे तो मिलवॉकी शहरात आला. तिथंही संपादक, आणि लिंकनच्या काळात बंदरावर जकात वसूल करणारा सरकारी अधिकारी. तब्येत नाजूक, स्वभाव शांत. फावल्या वेळेत क्लाइनस्टूबर नावाच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये जाऊन काहीतरी ठोकठाक करायची. आपल्याकडे एमआयडीसीत लेथवाल्याकडे जाऊन बसणारे काका असतात ना, तसंच काहीसं.

एका अक्षराचं यंत्र

या वर्कशॉपमध्ये शोल्स आणि त्याचा मित्र सॅम्युअल सूले यांनी पानांवर नंबर छापणारं यंत्र बनवलं. १८६६ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं. तिथंच कार्लोस ग्लिडन नावाचा तिसरा गडी नांगरात सुधारणा करत बसला होता. त्यानं नंबरचं यंत्र पाहिलं आणि विचारलं की नंबर छापतोस तर अक्षरं का नाही. वर त्याच सुमारास एका मासिकात लिहिण्याच्या यंत्रावरचा लेख शोल्सच्या वाचनात आला. झालं, तिघं कामाला लागले.

१८६७ मध्ये बनवलेला पहिला नमुना मला फार आवडतो, कारण तो अगदी हॅकेथॉनमधल्या प्रोजेक्टसारखा आहे. तारखात्यात संदेश पाठवायला जी खटका मारायची कळ असते, ती घेतली. तिच्यावर फक्त एकच अक्षर बसवलं, डब्ल्यू. वर काच, कागद आणि कार्बन पेपर. कळ दाबली की खालून ठोका बसायचा आणि कागदावर डब्ल्यू उमटायचा. बस, एवढंच. एक अक्षर निघालं म्हणजे सव्वीसही निघतील, हे सिद्ध झालं.

त्याच वर्षी इकडे आपल्या वऱ्हाडात अकोला, बडनेरा ओलांडून मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली.

२३ जून १८६८ ला शोल्स, ग्लिडन आणि सूले यांना पेटंट मिळालं. त्या यंत्राच्या कळा पियानोच्या पट्ट्यांसारख्या होत्या. आजच्या कीबोर्डशी त्याचा चेहराही जुळत नाही.

आता इथं गोष्टीत जेम्स डेन्समोर येतो. यंत्रावर टाइप केलेलं पत्र हातात पडल्यावर त्यानं यंत्र न बघताच चौथा हिस्सा घेतला आणि तोवरच्या खर्चापोटी ६०० डॉलर दिले. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र त्याचं मत झालं की हे यंत्र काही कामाचं नाही, कल्पना मात्र चांगली आहे. सूले आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले. शोल्स आणि डेन्समोर उरले.

डेन्समोर म्हणजे आमच्या कंपनीतल्या भाषेत एकदम खडूस प्रॉडक्ट मॅनेजर. नमुना झाला की तो खऱ्या वापरणाऱ्यांकडे पाठवायचा. तारयंत्र शिकवणाऱ्या शाळेत, कोर्टात लघुलेखन करणाऱ्यांकडे. वॉशिंग्टनचा जेम्स क्लेफन नावाचा लघुलेखक तर यंत्रं अक्षरशः मोडून टाकायचा आणि वर लांबलचक तक्रारी पाठवायचा. शोल्स वैतागायचा, सोडून द्यायची भाषा करायचा. डेन्समोर त्याला पुन्हा बसवायचा. चार-पाच वर्षांत एकामागून एक कितीतरी नमुने बनले. पियानोच्या पट्ट्या जाऊन गोल बटणं आली, कळांच्या चार रांगा झाल्या आणि अक्षरं या जागेवरून त्या जागेवर फिरत राहिली.

मग ए-बी-सी-डी का नाही?

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न. शाळेत, कॉलेजात, यूट्यूबवर एकच उत्तर मिळतं: टाइप करणाऱ्याचा वेग मुद्दाम कमी करायला अक्षरं वेडीवाकडी टाकली. हे उत्तर जसंच्या तसं मानू नका.

यंत्रात अक्षरांच्या दांड्या गोलाकार टांगलेल्या असायच्या. कळ दाबली की दांडी वर जाऊन कागदाला लागायची. शेजारच्या दोन दांड्या पाठोपाठ उचलल्या तर एकमेकींत अडकायच्या, हे खरं. पण टाइप करणाऱ्याला हळू करण्यात कोणाचा फायदा होता? शिवाय दहा बोटांनी, न बघता टाइप करायची पद्धतच तेव्हा रूढ नव्हती. फ्रँक मॅकगरिननं तसं टाइप करून सिनसिनाटीतली गाजलेली स्पर्धा जिंकली ती १८८८ मध्ये, म्हणजे मांडणी ठरून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. आणि फक्त अडकणंच टाळायचं होतं तर इंग्रजीत सतत जोडीनं येणारे ई आणि आर शेजारी-शेजारी कसे राहिले?

जपानमधल्या क्योटो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये वेगळं मत मांडलं. त्यांच्या मते, सुरुवातीचे वापरणारे तारखात्यातले होते. मोर्स ऐकत-ऐकत टाइप करताना त्यांना जे सोयीचं पडलं, त्यानुसार अक्षरं सरकत गेली. मला हे जास्त पटतं. कोणी एका रात्रीत बसून काढलेली ही मांडणी नाही, तक्रारी ऐकून-ऐकून झालेली आहे. जुन्या ए-बी-सी-डीचा पुरावा तर अजून तुमच्यासमोर आहे: मधली रांग बघा, डी, एफ, जी, एच, जे, के, एल. मधला ई आणि आय उचलून वर नेला, बाकीचे ओळीनं तसेच उभे आहेत.

बंदुकीच्या कारखान्यात

१८७३ मध्ये डेन्समोर आपला भागीदार योस्ट याला घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी गेला, रेमिंग्टन कंपनीकडे. ही बंदुका बनवणारी कंपनी. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं होतं आणि बंदुकांची मागणी आटली होती. मोठा कारखाना, चांगले कारागीर, पण काम कमी. म्हणून ते शिलाई मशीन, शेतीची अवजारं असं काहीबाही करून बघत होते.

आता त्याच युद्धाचं दुसरं टोक बघा. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, म्हणून आपल्या अमरावती-अकोल्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव पडला. ज्या शांततेनं वऱ्हाडातल्या कापसाचं मार्केट बसवलं, तिनंच एका बंदूकवाल्याला टाइपरायटर बनवायला लावलं. शाळेत इतिहासाच्या तासाला हे कोणी सांगितलं असतं तर मी झोपलो नसतो.

१ मार्च १८७३ ला करार झाला. रेमिंग्टनच्या कारागिरांनी यंत्र सुधारलं. शिलाई मशीनचा अनुभव होता, म्हणून पहिलं मॉडेल तसंच दिसायचं: अंगावर फुलांची नक्षी, खाली शिलाई मशीनचा स्टँड, आणि नवीन ओळीवर जायला पायानं दाबायचं पायडल. १८७४ मध्ये ते १२५ डॉलरला बाजारात आलं. फक्त कॅपिटल अक्षरं. एक आणि शून्याची कळच नाही, त्याजागी आय आणि ओ वापरायचे. आणि सगळ्यात भारी म्हणजे, दांड्या खालून आपटायच्या, म्हणून टाइप होणारी ओळ दिसायचीच नाही. काय लिहिलं ते बघायला गाडी वर उचलायची. मॉनिटर न जोडता डेस्कटॉप वापरण्यासारखंच झालं हे.

खप फार झाला नाही. १८७८ मध्ये दुसरं मॉडेल आलं, त्यात एका दांडीवर कॅपिटल आणि स्मॉल अशी दोन्ही अक्षरं होती. कॅपिटल पाहिजे असेल तर एक कळ दाबायची, तिनं कागदाची अख्खी गाडी जागेवरून सरकायची. सरकवणारी कळ, म्हणून तिचं नाव शिफ्ट. तुमच्या कीबोर्डवर आणि फोनवर बाणाच्या रूपात आहे ती हीच. एंटरच्या कळेला जुने लोक रिटर्न म्हणतात आणि ॲपलच्या कीबोर्डवर अजून तेच लिहिलेलं असतं, तेही त्या गाडीला ओळीच्या सुरुवातीला परत आणण्यावरूनच. आम्ही कोड लिहितो तेव्हा फाइलमध्ये ओळ संपल्याची जी खूण असते, त्यातही ‘कॅरेज रिटर्न’ नावाचं एक चिन्ह आहे. गाडी गेली, खूण राहिली.

शोल्सला यातून काय मिळालं? आपला हक्क त्यानं १२,००० डॉलरला विकून टाकला. रक्कम तेव्हा लहान नव्हती, पण घरात दहा मुलं होती. डेन्समोरनं रोख न घेता दर यंत्रामागे रॉयल्टी घेतली आणि तो श्रीमंत झाला.

मावसबहिणीचा डेस्कटॉप

आता हे सगळं मी का सांगतोय? मी अकोल्याचा, बडनेऱ्याला इंजिनिअरिंग केलं, आता नोकरी पुण्यात. मागच्या सुट्टीत अकोल्याला मावशीकडे नवीन डेस्कटॉप जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मावसबहीण लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करतेय. त्याला मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्दांचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. ती फोनवर अंगठ्यानं असलं भन्नाट वेगानं टाइप करते की मला लाज वाटावी. पण समोर खराखुरा कीबोर्ड आल्यावर तिनं पहिलाच प्रश्न टाकला, की दादा, हे अक्षरं असे इकडेतिकडे काऊन फेकले.

जोडणी दहा मिनिटांची होती. मॉनिटरची एचडीएमआय केबल: कॅबिनेटमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या पोर्टमध्ये लावायची, मदरबोर्डच्या नाही. कीबोर्ड आणि माउस मागच्या यूएसबीत, म्हणजे पुढचे पोर्ट पेनड्राइव्हला मोकळे राहतात. जुना गोल पिनचा कीबोर्ड घरात असेल तर जांभळं भोक त्याचं, हिरवं माउसचं, आणि तो कॉम्प्युटर बंद असतानाच लावायचा. शेवटी मागचं पॉवर सप्लायचं बटण. कॉम्प्युटर सुरूच होत नाही म्हणून फोन येतात, त्यात बऱ्याचदा हेच बटण बंद असतं.

खरा वेळ गेला तो मराठी कीबोर्ड निवडण्यात. इथं एक गोष्ट समजून घ्या, बाकी विसरलात तरी चालेल. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवतच नाही. तो फक्त कितव्या कळेवर बोट पडलं तिचा नंबर पाठवतो. ए ची कळ म्हणजे ४ नंबर, क्यू ची २० नंबर. त्या नंबराचं कोणतं अक्षर करायचं हे विंडोज ठरवतं, तुम्ही निवडलेल्या मांडणीप्रमाणे. शोल्सच्या यंत्रात दांडी बदलायची तर वर्कशॉप गाठावं लागायचं. आता सेटिंगमध्ये दोन क्लिक.

म्हणून एकाच के च्या कळेवर इंग्रजीत के येतो, इनस्क्रिप्टमध्ये क येतो आणि रेमिंग्टनमध्ये काना येतो. हो, तीच रेमिंग्टन. आपल्याकडे देवनागरी टाइपरायटर आले तेव्हा त्यांच्या कळांवर अक्षरं बसवली गेली. कळा मोजक्या, आपली अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं भरपूर, त्यामुळे अर्धी अक्षरं आणि काने वेगवेगळे टाकून जुळवायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची, कारण कागदावर ती आधी दिसते. अमरावतीत कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारे, टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणारे जुने लोक याच मांडणीवर शिकलेले, आणि त्यांचा वेग बघाल तर थक्क व्हाल.

इनस्क्रिप्ट ही त्यानंतरची, १९८६ मध्ये भारत सरकारनं सगळ्या भारतीय लिप्यांसाठी काढलेली मांडणी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. अक्षर ज्या क्रमानं बोलतो त्याच क्रमानं टाइप करायचं, वेलांटी अक्षरानंतर. विंडोजमध्ये ती आधीच असते: सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथून भाषा जोडा, मराठी निवडा. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजी-मराठी बदलतं. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी करणारा फोनेटिक कीबोर्डही तिथंच मिळतो. रेमिंग्टनसाठी मात्र वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं.

मग कोणती शिकायची? नव्यानं शिकणाऱ्याला मी इनस्क्रिप्ट सांगेन, डोळे झाकून. पण परीक्षेचा अर्ज भरण्याआधी तिथं कोणती मांडणी चालते ते बघून घ्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर पहिल्या दिवसापासून तीच लावा. फोनेटिकवर सहा महिने सराव करून मग परीक्षेला वेगळी मांडणी समोर आली, तर बोटं ऐकत नाहीत. ३० चा वेग १० वर येतो. मावसबहिणीनं इन्स्टिट्यूटमध्ये विचारून घेतलं, इनस्क्रिप्ट लावली, आणि कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावायला मी तिला मनाई केली. स्टिकर असले की नजर खाली जाते.

बोटं ऐकत नाहीत

हीच गोष्ट शोल्सला शेवटच्या वर्षांत भोवली. त्याला क्षयरोग होता. बरीच वर्षं तो घरीच, अंथरुणाला खिळून असायचा. पण यंत्र सोडलं नाही, मुलांच्या मदतीनं नवे नमुने बनवत राहिला. टाइपरायटरमुळे बायकांना ऑफिसात नोकऱ्या मिळायला लागल्या होत्या. त्यांना पोट भरायचा एक मार्ग झाला, याचं त्याला फार समाधान होतं. त्याची मुलगी लिलियन हिचा वडिलांच्या यंत्रावर टाइप करतानाचा जुना फोटो प्रसिद्ध आहे. टाइप करणाऱ्या सगळ्यात पहिल्या बायकांपैकी ती एक.

पण अक्षरांच्या मांडणीवर तो स्वतः समाधानी नव्हता. १८८९ मध्ये त्यानं नवीन टाइपरायटरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात अक्षरं पूर्ण वेगळ्या जागी होती. म्हणजे ज्याच्या नावावर क्वर्टी खपते त्यानंच क्वर्टी सोडली होती. तोवर मात्र हजारो लोकांची बोटं जुन्या मांडणीला सरावलेली, शाळा तीच शिकवायच्या, ऑफिसं तीच येणारी माणसं घ्यायची.

१७ फेब्रुवारी १८९० ला मिलवॉकीत शोल्स गेला. तीनच दिवसांपूर्वी त्याला ७१ वर्षं पूर्ण झाली होती. नव्या मांडणीचं पेटंट मंजूर झालं ते १८९६ मध्ये. तो कीबोर्ड दुकानात मागून बघा, दुकानदार तुम्हाला परत क्वर्टीच काढून देईल.